‘नावाडी दोन’ मुरत नाही

१ तारीख, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवली आहे. ‘नावाडी दोन’ आज हातात पडला. मूळ ‘नावाडी’ येऊन एकवीस वर्षं झाली, त्यावरच्या माझ्या गाजलेल्या लेखालाही तेवढीच झाली, आणि आता दोन्हींची तुलना करायला या गावात माझ्याइतका लायक माणूस नाही. हे मी म्हणत नाही, पुरवणीबाई म्हणाल्या. म्हणजे त्यांचे शब्द “तुम्ही करताय, की दुसऱ्या कोणाला देऊ?” असे होते, पण भावार्थ तोच.

पुरवणीबाई म्हणजे आमच्या वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी काढतात त्या. पूर्ण पान देणार आहेत. पान २५ तारखेला, गुरुवारी दुपारी छपाईला जातं.

ही वही पुढेमागे छापली जाईलच, तेव्हा अजाण वाचकासाठी थोडं सांगून ठेवतो. हातात मावेल एवढं यंत्र, पडद्यावर नदी, नदीत नाव. एका अंगठ्याने वल्हं मारायचं, दुसऱ्याने सुकाणू धरायचं आणि उतारूंना या घाटावरून त्या घाटावर न्यायचं. मूळ गेममध्ये असे बारा घाट होते. दिसायला पोरखेळ, पण सातव्या घाटाच्या भोवऱ्याने भल्याभल्यांना पाणी पाजलं.

मला नाही पाजलं, कारण माझा ‘मुरण्याचा सिद्धांत’. चांगला गेम अडला की त्याच्याशी झटापट करायची नाही. यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून सरळ झोपायला जायचं. सकाळी पाहावं तर नाव पुढच्या घाटाला लागलेली. गेम मुरतो तो असा. माझा अंदाज असा की अर्धवट झोपेत मीच उठून खेळत असणार आणि नंतर विसरून जात असणार. मोठ्या प्रतिभेच्या बाबतीत असं होतं. त्या लेखानंतर कितीतरी वाचकांनी कळवलं होतं की आमच्याकडे असं काही होत नाही. प्रत्येकाची पात्रता वेगळी असते, त्याला मी काय करणार?

२ तारीख, मंगळवार

नव्या गेममध्ये एक बगळा आहे. तो नावेच्या टोकावर बसतो आणि बोलतो. “छान वल्हवताय!” “थोडं डावीकडे घेता का?” “दमलात का?” मूळ गेममध्ये नदी होती आणि आपण होतो. मधे बोलायला कोणी नव्हतं. नाव उलटली तरी कोणी सांत्वन करायला येत नव्हतं, आणि त्यातच त्या गेमची थोरवी होती.

जुन्या गेमचं कार्ड नव्या यंत्रात चालतं म्हणून तेही घालून पाहिलं. बगळा लगेच कसल्याशा ‘नावेच्या वही’बद्दल सांगू लागला. बटण दाबून त्याला गप्प केलं.

४ तारीख, गुरुवार

तीन घाट झाले. चौथ्यावर काल अडलो, म्हणून यंत्र टेबलावर ठेवून निवांत झोपलो. सकाळी पाहिलं तर नाव चौथ्यावरच.

बायकोच्या अंगठ्याचं गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे, लोकांच्या कवळ्या बनवते. मेणात दात कोरून कोरून अंगठ्याची शीर धरली. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टा आहे, त्यामुळे सध्या चहा उजव्या हाताने ढवळते आणि निम्मा बशीत सांडते. मी काही बोलत नाही. पण त्याच टेबलावर यंत्र असतं, एवढं भान तिने ठेवायला हवं.

मी म्हणालो, “हा गेम मुरत नाही गं.”

ती हसली. म्हणाली, “मुरेल. माझा हात मोकळा होऊ दे.”

हिच्या बोलण्याला कधीकधी शेंडाबुडखा नसतो. हिच्या हाताचा आणि गेमचा काय संबंध? गोळ्यांनी होत असेल असं.

७ तारीख, रविवार

अजून चौथाच घाट. तोवर तुलनेची टिपणं काढली. निःपक्षपाती असावं म्हणून मूळ गेमचे दोषही आठवून लिहिले. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, खिडकीत नाहीतर दिव्याखाली बसावं लागे. उतारू सगळे एकाच चेहऱ्याचे. संगीत तीनच सुरांचं. दोष क्रमांक चार मात्र गंभीर. सुकाणू उजव्या अंगठ्याखाली ठेवावं, तर सकाळी ते आपोआप डावीकडे गेलेलं असे. ‘डावखुरा’ ही सोय यंत्र स्वतःच चालू करत असे. रोज पुन्हा उजवीकडे आणायचं म्हणजे डोक्याला ताप.

तेव्हा कंपनीला मी तीन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं, “असा दोष आढळून आलेला नाही. घरातील अन्य कोणी व्यक्ती यंत्र हाताळते का, हे कृपया तपासावे.” स्वतःची चूक गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, दुसरं काय.

नव्या गेममध्ये हा दोष दूर केलेला दिसतो. सुकाणू ठेवलं तिथेच राहतं. त्याचं श्रेय लेखात द्यायचं.

९ तारीख, मंगळवार

ऑफिसात आकडेशास्त्री भेटला. पुरवणीबाईंनी वर्षापूर्वी घेतलेला माणूस. हा गेमला मार्क देतो, तेही दशांशात. मागे एका शर्यतीच्या गेमला त्याने ‘एक्याऐंशी पूर्णांक पाच’ दिले होते. तो अर्धा मार्क कुठून आला, हे विचारण्याची माझी फार इच्छा आहे.

“सर, किती झाले?” त्याने विचारलं. “माझे सोळाच्या सोळा झाले रविवारी.”

“मी घाई करत नाही,” मी म्हणालो. “मुरू देतो.”

पुरवणीबाई पलीकडे बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मुरू द्या, पण पंचवीसपर्यंत. गेम पूर्ण न करता लिहिलेलं मी छापणार नाही. नाहीतर पान यांना देते, आणि मग पुढचंही यांनाच.”

पुढचंही म्हणजे माझा स्तंभ. एकवीस वर्षांचा. आकडेशास्त्री मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत बसला. दुसऱ्याच्या पोटावर पाय देताना माणसं पेन्सिलीला टोक का काढतात कोण जाणे.

१२ तारीख, शुक्रवार

चौथा आणि पाचवा झाला, पण कसा? झटापट करून. बगळ्याचा सल्ला ऐकून. हे मी फक्त या वहीत कबूल करतो आहे. सहाव्यावर दोन दिवस काढले.

सिद्धांतात कुठेतरी खोट असेल का, म्हणून प्रयोग चालू केले. परवा यंत्र कपाटावर ठेवलं. काल उशीखाली. मुरण्याचं नाव नाही, उलट मान धरली.

बायकोने पाहिलं आणि हसत सुटली. “उशीखाली काय मुरणार? टेबलावरच ठेव. तिथली सवय आहे.”

“कोणाला?”

“यंत्राला,” ती म्हणाली, आणि पट्ट्यातला हात उचलून मला दाखवला. “पाच दिवस कळ काढ. बुधवारी सुटतेय मी.”

आजारपणात माणूस स्वतःपुरतंच पाहतो. माझा स्तंभ चाललाय आणि हिला पट्ट्याची पडलीय.

तिला विचारलं, इतकं काय हसतेस. तर म्हणाली, “तुला आठवतं, पहिल्या लेखाचं शेवटचं वाक्य काय होतं?” आणि घडाघडा म्हणून दाखवलं, “आपण झोपलेले असताना कोणाचा तरी हात आपली नाव पुढे नेतो.” हिला ते पाठ आहे. लेखाचं कात्रण अजून कपाटात जपून ठेवलंय म्हणे. बरं वाटलं. हात म्हणजे मला प्रतिभेचा हात म्हणायचं होतं, हे समजावून सांगणार होतो, पण तिचा डॉक्टरांना फोन लागला.

१७ तारीख, बुधवार

पट्टा निघाला. मी बरोबर गेलो होतो, यंत्र खिशात घेऊन. डॉक्टर म्हणाले, “अंगठ्याला रोज हलका व्यायाम द्या. ताण नको, पण हलता ठेवा.”

“व्यायामाची सोय आहे घरात,” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. कपडे पिळण्याबद्दल बोलत असावी. मी म्हणालो, “घाई करू नकोस, काही दिवस मी पिळेन.” डॉक्टरांना आमचं काय चाललंय ते कळलं नसावं.

सातवा घाट. पुन्हा भोवरा, आणि या वेळी तीन.

१८ तारीख, गुरुवार

मुरला.

सकाळी नऊला उठलो, टेबलापाशी गेलो, आणि नाव आठव्या घाटाला. तिन्ही भोवरे मागे. बगळा म्हणत होता, “वा, आज हात वेगळाच लागला!” बगळ्याला पहिल्यांदाच अक्कल आली.

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पन्नाशी जवळ आली की माणसाला वाटायला लागतं की आपल्यात जे काही होतं ते संपलं. ते संपलेलं नाही. बायको लॅबमध्ये कामावर रुजू झाली होती, नाहीतर तिला लगेच सांगितलं असतं.

मात्र एक वाईट बातमी. सुकाणू डावीकडे गेलेलं. दोष क्रमांक चार परत आला! एकवीस वर्षं काय केलं या लोकांनी?

२२ तारीख, सोमवार

पंधरा घाट झाले. संध्याकाळी मी अडायचं आणि सकाळी मोकळं व्हायचं, जुनी घडी बसली. सोळावा तेवढा राहिलाय, तोही मुरेल. लेख लिहून काढला. निष्कर्ष असा की दुसरा गेम बडबड्या असला तरी मुळात मुरणारा आहे. दोष क्रमांक चारवर मात्र कडक परिच्छेद लिहिला: “डाव्या हाताची ही लुडबूड मूळ गेमलाही डाग होती आणि नव्यालाही आहे. हिच्याशिवाय दोन्ही गेम निर्दोष झाले असते.” वाक्य झकास उतरलंय.

बायकोने विचारलं, “या वेळी मुरण्याबद्दल काय लिहिलंस?”

“वाचतेस?”

“नको. छापून आल्यावर वाचेन, मागच्यासारखं.” आणि उगाचच लाजली. या वयात. अंगठा थोडा सुजलेला दिसला. म्हटलं, काम कमी कर. तर म्हणाली, “दोनच दिवस राहिले ना आता.” कसले दोन दिवस, ते बोलली नाही.

२३ तारीख, मंगळवार

लेख दिला. सोळावा घाट छपाईआधी होईल अशी हमी दिली. पानासाठी फोटो हवेत म्हणून यंत्रही एका दिवसापुरतं ऑफिसात ठेवलं, जुन्या कार्डासकट.

२४ तारीख, बुधवार

यंत्र आणायला गेलो. आकडेशास्त्री माझ्या टेबलापाशी वाट पाहत उभा होता.

“सर, लेखातले आकडे पडताळत होतो. यात कुठेतरी पाणी मुरतंय.”

मी म्हणालो, “मुरणारच. तोच सिद्धांत आहे.”

“तसं नाही सर.” त्याने यंत्र उघडलं आणि बगळ्याला बोलू दिलं. नावेची वही उघडली. जुन्या कार्डावरची प्रत्येक खेप तिच्यात नोंदलेली असते. तारीख, वेळ आणि सुकाणू कोणत्या हाताने धरलं तो हात. पहिला घाट, उजवा, रात्री सव्वानऊ. दुसरा घाट, उजवा. तिसरा घाट, डावा, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. चौथा, डावा, सकाळी सहा. पाचवा, डावा. असं बाराव्यापर्यंत. मग त्याने नव्या गेमची पानं काढली. सहाव्यापर्यंत उजवा. सातवा, डावा, सकाळी सहा वाजून पाच मिनिटं, अठरा तारीख.

“यंत्र बिघडलेलं नाही सर. तुमच्या घरात डावखुरं कोणी आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. खरं वाटून म्हणालो.

त्याने यंत्र बंद करून माझ्या हातात दिलं, आणि हळूच म्हणाला, “तो परिच्छेद ठेवायचा का काढायचा, ते उद्या दुपारपर्यंत बाईंना कळवा. मी अजून कोणाला बोललेलो नाही.” त्याने पेन्सिलीला टोक काढलं नाही, हेही लिहून ठेवतो.

घरी आलो तेव्हा बायको टेबलाशी बसून उद्याची यादी लिहीत होती. डाव्या हाताने. लिहिता लिहिता तळहाताची कड ओल्या अक्षरांवरून जात होती आणि शाई फासत होती. बावीस वर्षं आमच्या घरातली प्रत्येक यादी अशीच फासलेली असते, आणि मी दर वेळी पेनाला नावं ठेवत आलो. ती डावखुरी आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण माहितीचा उपयोग करायची वेळ कधी आली नव्हती.

लाज वाटली. आधी स्वतःची, प्रतिभेचं जे काही समजत होतो त्याची. मग हळूहळू दुसरं लक्षात आलं, आणि ते जास्त वाईट. “माझा हात मोकळा होऊ दे,” असं ती मला स्पष्ट म्हणाली होती. म्हणजे तिला वाटतंय की मला ठाऊक आहे. एकवीस वर्षं तिला वाटतंय की मुरणं ही आमच्या दोघांतली गंमत आहे. ते शेवटचं वाक्य मी तिच्यासाठी लिहिलं, असं समजून तिने कात्रण जपलंय. आणि रविवारी ती पुरवणी उघडणार आणि वाचणार की तिचा हात म्हणजे डाग.

दोष क्रमांक चार म्हणजे माझी बायको.

गप्प राहून परिच्छेद काढून टाकता येईल. सगळं ठाऊक होतं असं भासवताही येईल, तिला कधी कळणार नाही. माझ्या स्वभावाला तेच सोपं जाईल. दोन वेळा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तोंडातून एवढंच निघालं की अंगठ्याला शेक घे.

म्हणून ही वही टेबलावर यंत्राशेजारी उघडी ठेवतो आहे. मला जे सुटत नाही ते या टेबलावर सुटतं.

२५ तारीख, गुरुवार, सकाळ

मी लिहितेय. वही उघडी होती, म्हणजे माझ्यासाठीच ठेवली असणार असं धरलं. तसं धरून चालायची मला सवयच आहे. पहिल्या पानापासून वाचली. लॅबला उशीर होणार, होऊ दे.

आधी हसू आलं, मग येईना. कंपनीने पत्र लिहून सांगितलं तरी तुला कळलं नाही?

लग्न होऊन आले तेव्हा या गावात मी कोणालाच ओळखत नव्हते. तू नऊला उठायचास, मी साडेपाचला. तुझी झोप मोडू नये म्हणून लॅबला जाईपर्यंत खिडकीपाशी नुसती बसून असायचे. एकदा टेबलावर तुझी नाव अडकलेली दिसली. उजाडल्यावर खिडकीत धरून सोडवली. दुसऱ्या दिवशी तू ती पुढे नेऊन पुन्हा अडकवून ठेवलीस. मला वाटलं, मुद्दाम अडकवतोस. मला सकाळी काहीतरी असावं म्हणून. बोलून दाखवायचा तुझा स्वभाव नाही, म्हणून हे असं. लेख आला तेव्हा तर खात्रीच पटली.

ते पहिलं वर्ष मी त्याच्यावर काढलं. आता कळलं की तू नुसताच अडकत होतास.

सोळावा घाट आज पार केला. सेव्ह केला नाही. तुझा तू कर.

लेखाचंही तुझं तू बघ. चहा झाकून ठेवलाय. सांडलेला नाही.

२५ तारीख, दुपार

वरचं पान चार वेळा वाचलं. शाई फासली आहे, पण सगळं लागतं.

पुरवणीबाईंना फोन केला. सांगितलं, दोष क्रमांक चार काढा.

“तेवढी जागा रिकामी राहील. तिथे काय टाकू?”

“लिहून घ्या,” मी म्हणालो. “मूळ ‘नावाडी’च्या बारा घाटांपैकी दोन मी पार केले, दहा माझ्या बायकोने. ‘नावाडी दोन’चे सहा माझे आणि नऊ तिचे. सोळावा अजून व्हायचाय. हे मला काल कळलं. तेव्हा या दोन गेमची तुलना करायला मी लायक नाही. ती आहे, पण ती कामावर गेली आहे.”

मग त्या म्हणाल्या, “आणि सिद्धांत?”

“रद्द.”

“हे मी छापेन. पण मग स्तंभ...”

“आकडेशास्त्रींना द्या. माणूस चांगला आहे.”

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “वहिनी लिहितील का हो आमच्यासाठी?” विचारतो म्हणालो.

२८ तारीख, रविवार

छापून आलं. ती वाचत होती म्हणून तिथेच बसून राहिलो. तिने सगळं वाचलं, दोष एक ते तीनसुद्धा. मग म्हणाली, “दहा नाही, साडेनऊ. अकरावा तू अर्ध्यापर्यंत आणला होतास.” कात्री मागितली नाही. पुरवणी घडी करून खुर्चीवर ठेवली.

गुरुवारपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. ते बरोबरच आहे. लिहिण्याबद्दल विचारलं तर म्हणाली, “मला दात कोरायला वेळ पुरत नाही.” हसली मात्र नाही.

संध्याकाळी मी यंत्र घेऊन बसलो. सोळाव्याला लागोपाठ सहा वेळा बुडालो. बगळा म्हणाला, “दमलात का?” मी म्हणालो, “हो.” बगळ्याशी मी पहिल्यांदाच बोललो.

ती आतून आली आणि शेजारी बसली. तिने ‘डावखुरा’ चालू केलं, यंत्राची डावी बाजू स्वतः धरली, सुकाणूवर अंगठा ठेवला आणि उजवी बाजू मला धरायला दिली. इतक्या लहान यंत्रावर दोन माणसांचे हात जेमतेम मावतात. तिचा अंगठा अजून सुजलेला होता. नाव निम्म्या नदीपर्यंत गेली, मी वल्हं चुकवलं आणि आम्ही खडकाला टेकलो.

“तुझा अंगठा दुखेल,” मी म्हणालो. “ठेवू या आज टेबलावर. मुरू दे.”

“आता काही मुरत नाही,” ती म्हणाली. “वल्हव.”